खालच्या खोल्या कुणाला हव्यात?

४ जून

प्रिय ताई,

नमस्कार. पायाला शेक देतेस ना? देत नसशील. जन्मभर दुसऱ्यांना दटावलं, पण स्वतःची पाळी आली की नर्सबाई अडाणी होतात.

आज वकिलीणबाईंकडे जाऊन आले. खालच्या दोन खोल्या रिकाम्या करून घ्यायच्या आणि तुला इथे आणायचं, हे आता पक्कं. खुब्याचं हाड मोडल्यापासून तू तिकडे तिसऱ्या मजल्यावर कैदी, आणि मी इकडे वरच्या मजल्यावर एकटी. तुला जिना चढवत नाही, म्हणजे तुला खालीच जागा हवी. आणि खाली कवळीवाले. ह्यांनी त्यांना जागा दिली ती नुसत्या बोलण्यावर, कागद नाही की काही नाही. हे गेले, बोलणं गेलं, कवळीवाले तेवढे राहिले.

भाऊजींना विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, पाण्याचा कॉक बंद करा. दात करायला पाणी लागतंच. आठवड्यात पळेल." मी तेच वकिलीणबाईंना सांगितलं. त्या चहा पीत होत्या, कप खाली ठेवला. "तुमच्या दिरांना म्हणावं, सल्ले लग्नकार्यात द्या. पाणी तोडलंत, कुलूप बदललंत किंवा सामान बाहेर काढलंत, तर कोर्ट तुम्हालाच सांगेल, आधी त्यांना आत घ्या. घर तुमचं असलं तरी ताबा त्यांचा आहे. तो सोडवायचा तर रस्ता एकच."

तो रस्ता असा. आधी नोटीस, मग दावा. दाव्याला कारण लागतं. मालकाला वाटलं, हे कारण होत नाही. जागेची खरी गरज दाखवायला लागते, आणि जागा न मिळाल्याने आपल्याला होणारा त्रास भाडेकरूला जागा सोडून होणाऱ्या त्रासापेक्षा मोठा आहे हे पटवायला लागतं. निकाल आपल्या बाजूने लागला तरी कुलपाला हात आपण लावायचा नाही. कोर्टाचा बेलीफ लावणार. घरी येताना वाचनालयातून भाडेकायद्याचं पुस्तक आणलं. शिक्षण सातवीपर्यंत असलं म्हणून काय झालं, वाचायला चष्मा आणि चिकाटी पुरते. तीनदा वाचलं. कादंबरीपेक्षा बरं आहे, निदान माणसं उगाच रडत नाहीत.

आणखी एक सांगते. हल्ली कवळीवाल्यांचं घासायचं मशीन रोज मी उठायच्या सुमाराला सुरू होतं. हे होते तेव्हा असं नव्हतं. बाईमाणूस एकटी आहे म्हणून मुद्दाम चाललंय.

दाव्यात तुझं नाव आणि पत्ता घालायचाय. म्हणून स्पष्ट लिही, येशील ना?

तुझी,
चिमी

१५ जून

चिमे,

येईन. लिही तुझ्या वकिलीणबाईंना, मोठ्या अक्षरात.

आणि मला कैदी म्हणू नकोस. कैद्याला भेटायला इतकी माणसं येत नाहीत. तळमजल्यावरचा शिंपी सुई टोचून घ्यायला धापा टाकत वर येतो आणि वर मलाच विचारतो, "बाई, आज कसं वाटतंय?" समोरच्या इमारतीत एक नवी बाळंतीण आहे. तिला मी खिडकीतून ओरडून सांगते, "अगं, मान धर बाळाची!" तिची सासू मला तोफ म्हणते. काठी घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरते आणि परत चढते. तेव्हा माझी काळजी नको.

काळजी तुझीच वाटते. हाड मोडायच्या आधी, मागच्या खेपेला आले होते तेव्हा बघितलं. दिवसभर तू खिडक्या उघडत होतीस आणि लावत होतीस. मी विचारलं काय शोधतेस, तर म्हणालीस, वारा. वारा पडलेला होता. तुझा नवरा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

येईन म्हटलंय ना, मग येईन. जेवत जा.

ताई

१० ऑगस्ट

प्रिय ताई,

नोटीस गेली, मुदत संपली, दावा दाखल झाला.

नोटीस मिळाली त्या दिवशी कवळीवाले पाकीट हातात घेऊन वर आले. म्हणाले, "वहिनी, एवढ्यासाठी पोस्टमनला कशाला दमवलंत? जिना उतरून हातात दिली असती तरी चाललं असतं."

"रजिस्टर पोस्टानेच पाठवायला सांगितलं होतं."

"मग मीही उत्तर पोस्टानेच देऊ?"

"हो."

"बरं," म्हणाले आणि उतरायला लागले. वळणावर थांबून विचारतात, "डाव्या बाजूची टोचते का अजून?"

माझे मागचे दात त्यांनीच केलेत, तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, नाही टोचत. टोचते.

वकिलीणबाईंनी सांगितलंय, यापुढे जिन्यात बोलणं नको, तोंडातून काही निसटलं तर उद्या तेच आपल्यावर उलटेल. तेव्हापासून समोरासमोर आलो की दोघंही भिंतीकडे बघतो. स्वतःच्या घरात मी चवड्यांवर चालते. मग राग येतो आणि मुद्दाम पाय आपटते. एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडते, एक पान वाचते, उठते, गॅलरीत जाते, कशाला आले ते विसरते, परत येते.

त्यांची कैफियत आली. म्हणजे दाव्याला त्यांचं लेखी उत्तर. त्यात काय लिहिलंय माहीत आहे? 'वादीची बहीण येथे राहावयास येणार हे कथन बनावट आहे.' तू बनावट! मी वकिलीणबाईंना म्हटलं, तिला उचलून आणून टेबलावर बसवते. त्या म्हणाल्या, "टेबलावर नको, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पुरे."

न्हाणीघरात धरायला दांडा कुठल्या उंचीवर लागेल ते कळव. जागा मिळाली की पहिलं तेच काम.

चिमी

६ नोव्हेंबर

आदरणीय ताईंना,

स. न. वि. वि.

आपली बहीण वर राहते आणि मी खाली. दात बनवण्याचा माझा व्यवसाय. आपला पत्ता मला दाव्याच्या कागदातून मिळाला. हे पत्र वकिलांना न विचारता लिहीत आहे, त्यांना कळलं तर ते माझेच दात पाडतील.

मला एकच विचारायचं आहे. तुम्ही खरंच येणार आहात का?

माझी अडचण सांगतो. माझ्याकडे येणारी माणसं म्हातारी. तोंडात दात नाहीत आणि पायात जोर नाही. रस्त्यावरून सरळ आत येता येईल अशी ही जागा आहे, म्हणून ती येतात. दुसरीकडे मला जिन्यावरची जागा मिळते, खालची मिळत नाही. पण तुम्ही येणार असाल तर मी भांडणार नाही, निघतो. कैफियतीत बनावट वगैरे जे लिहिलंय ती भाषा वकिलांची आहे. सही मात्र माझी आहे, ते नाकारत नाही. पुढे वहिनींची उलटतपासणी होईल. त्यांना भर कोर्टात काय काय विचारायचं ते वकिलांनी मला वाचून दाखवलं. मला ऐकवलं नाही.

दादा गेल्यापासून वहिनी सकाळी उठतात आणि तासन्‌तास नुसत्या फिरतात. खाली मला पावलं ऐकू येतात. म्हणून मी सकाळी लवकर उठून मशीन सुरू करतो, काम असो नसो. घरात माणूस आहे एवढं वर कळावं. आता तेही बंद करावं की काय, कळत नाही.

आपला नम्र,
खालचा भाडेकरू

१४ नोव्हेंबर

कवळीवाल्यांस,

पत्र पोचलं. मी येणार की नाही हे बहिणीच्या आधी तुम्हाला सांगणार नाही. तुम्हाला तोंडं उघडायला लावायची सवय असेल, मला ती बंद करायची आहे.

मशीन बंद करू नका.

ताई

२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

दोन तारखा नुसत्याच गेल्या. एकदा त्यांचे वकील आजारी होते आणि एकदा न्यायाधीश रजेवर. पण काल कोर्टाने नेमलेले कमिशनर जागा पाहायला आले. खोल्यांची मापं घेतली, जिन्याच्या पायऱ्यांची उंची मोजली, नळ कुठे, मोरी कुठे, सगळं उतरवून घेतलं. दोन्ही बाजूंनी हजर राहायचं असतं, म्हणून मीही खाली गेले. हे गेल्यापासून मी त्या खोल्यांत पाऊल ठेवलं नव्हतं.

भिंतभर फळ्या आहेत, आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. शेकडो. कमिशनर बिचारा तरुण होता, म्हणाला, "एवढी माणसं माझ्याकडे बघून हसतायत असं वाटतंय." प्रत्येक साच्यावर पेन्सिलीने नाव. कवळीवाले कुठलाच साचा टाकून देत नाहीत. कवळी हरवली, मोडली, तर त्यावरून दुसरी करता येते म्हणे. मी नावं वाचत चालले होते, नको तेच केलं. ह्यांचं नाव निघालं.

हातात घेतला. खालचा जबडा. पुढचा एक दात वाकडा होता तो तसाच, हसताना ओठाखाली अडकायचा तो. फोटोत कधी आलाच नाही, फोटो काढताना हे तोंड मिटून घ्यायचे. ताई, माणूस जाळून आल्यावर त्याच्या तोंडाचा आकार असा थंडगार हातात येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. कमिशनर म्हणाला, "बाई, हे मोजायचं नाहीये." कवळीवाल्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. साचा होता तिथे ठेवला आणि वर आले.

क्षणभर वाटलं, जाऊ दे हा दावा. मग तुझा पाय आठवला. आता मागे फिरायचं नाही. पलंग घेऊन ठेवलाय, बुटका, तुला उतरायला सोपा. २६ मार्चला माझी उलटतपासणी आहे, त्यानंतर तुझी साक्ष. गाडी करून आणेन तुला.

चिमी

३ मार्च

चिमे,

पलंग परत कर.

मला तुझ्याकडे यायचं नाही. कधीच नव्हतं. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं. तू पत्रात विचारलंस, येशील ना, आणि मला दिसत होतीस तू, त्या खिडक्या उघडणारी. वाटलं, माझ्या निमित्ताने तुला माणूस मिळेल. तू माझ्यासाठी कोर्टात गेलीस आणि मी तुझ्यासाठी हो म्हटलं. दोघीही दुसरीवर उपकार करत बसलो, आणि मधल्यामध्ये कवळीवाला भरडला जातोय.

त्याने मला पत्र लिहिलं होतं. तुला सांगितलं नाही, रागावू नकोस, किंवा रागाव. सकाळचं ते मशीन तुला छळायला नाही चालत. तुला एकटं वाटू नये म्हणून तो रिकामं फिरवतो. काम नसलं तरी.

मी साक्षीला येणार नाही असं नाही. बोलावलं तर येईन. पण शपथ घेऊन खोटं बोलणार नाही. हॉस्पिटलात एवढी वर्षं नातेवाइकांशी खोटं बोलले, 'बरे होतील' म्हणून. तो कोटा संपला.

आधी वकिलीणबाईंना सांग.

ताई

२९ मार्च

ताई,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. रागावले होते. अजून आहे, पण थोडी.

वकिलीणबाईंना पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "हे असं असताना दावा चालवायला मला आवडणार नाही. काढून घ्या." मी म्हटलं, पिंजऱ्यात एकदा उभी राहते, मग बघू. का म्हटलं, कुणास ठाऊक. आता माघार घेतली तर तू बनावट ठरतेस, असं काहीसं डोक्यात होतं.

उभी राहिले. शपथ घेतली. त्यांचा वकील म्हणजे तेल लावून चापून भांग पाडलेला एक मुलगाच. त्याने सरळ विचारलं, "तुमच्या बहिणीला इथे राहायला यायचं आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

मी हो म्हणणार हे धरून त्याने सगळं पाठ करून आणलं होतं. कागद खालीवर करत शेवटी म्हणाला, "मग खालच्या खोल्या कुणाला हव्यात?"

"मला. खाली कुणीतरी माणूस असावं म्हणून."

"माणूस तर आहे की खाली. माझे अशील आहेत."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. कवळीवाले हसले नाहीत. ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

मग न्यायाधीश लेखनिकाला म्हणाले, "हे लिहू नका." आणि मला विचारलं, "बाई, तुमचे गुडघे कसे आहेत?"

"चांगले आहेत."

"तीन मजले चढता येतात?"

"येतात."

"मग ज्यांना जिना चढता येत नाही त्यांना हलवण्यासाठी तुम्ही एवढं सगळं केलंत. ज्यांना चढता येतो त्या तुम्ही तिकडे गेला असतात तर?"

ताई, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. ह्यांनी बांधलेलं घर, तिथून मी कुठे जायचं नसतं, हे मी कुणी न सांगता धरून चालले होते. ह्यांनी तरी कधी असं म्हटलं होतं?

दावा काढून घेतला. वकिलीणबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "कायद्यात गरज बसते हो, करमत नाही हे बसत नाही." फटकळ आहेत, पण फाटकापर्यंत सोडायला आल्या.

कवळीवाले तिथेच उभे होते. मी माफी मागितली. वाटलं होतं, 'असू दे वहिनी' म्हणतील. ते म्हणाले, "सगळं वर्ष येणारा प्रत्येक जण विचारायचा, कवळी करायला देऊ का, की तुमचंच बिऱ्हाड उठतंय? निम्मे दुसरीकडे गेले. तुम्ही दावा काढून घेतलात म्हणून ते परत येणार नाहीत." मी परत म्हटलं, चुकलं. "बघू," एवढंच म्हणाले. एकाच बसने आलो. ते पुढे बसले, मी मागे.

आज सकाळी मशीन लागलं. पलंगाच्या कडेवर बसून शेवटपर्यंत ऐकलं.

आता काय करायचं ते मला कळत नाही.

चिमी

४ एप्रिल

चिमे,

त्या न्यायाधीशांनी विचारलं ते मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण मला मागता येत नाही. द्यायला येतं, सुई म्हण, गोळी म्हण, शिव्या म्हण.

तू पिंजऱ्यात खरं बोललीस. आता माझी पाळी.

काठी घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरते म्हणून लिहिलं होतं ते खोटं आहे. दारापर्यंत जाते. आंघोळीला शिंप्याची बायको मदत करते आणि तिचाही संकोच मला दिसतो. त्या दिवशी शिंप्याला सुई टोचताना हात थरथरला. त्याने पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी आला नाही. दवाखान्यात जायला लागलाय.

तुझ्याकडे यायचं नव्हतं ते याचसाठी. तिथे मी पलंगावरची पेशंट झाले असते, आणि तुझ्या घरात मला तुझ्यावर ओरडताही आलं नसतं. इथे मी अजून नर्सबाई आहे. खिडकीतून ओरडले तर बाळंतीण मान धरते.

तेव्हा शपथेवर लिहिते, मला तू हवी आहेस. गरज खरी आणि प्रामाणिक आहे, तुझ्या पुस्तकातल्यासारखी. अटी दोन. माझ्या घरात मालकीण मी. आणि नवऱ्याबद्दल बोलायचं असेल तेव्हा बोलायचं, उगाच इकडून तिकडे फिरायचं नाही. फिरायला इथे जागाच नाही.

ताई

१७ एप्रिल

ताई,

शनिवारच्या गाडीने निघते. स्टेशनवर कुणाला पाठवू नकोस, पत्ता पाठ आहे, दाव्यात इतक्यांदा लिहिलाय.

सामान फारसं नाही. कपडे, चष्मे दोन, चार पुस्तकं. ह्यांचा स्वेटर घेऊ की नको यात सकाळ गेली. घेतला, काढला, परत घेतला. आता बॅगेत आहे, निघेपर्यंत काय होईल सांगता येत नाही.

आज खाली गेले होते. कवळीवाले कुणाचा तरी वरचा जबडा घासत होते. मशीन बंद केलं.

"बसा, वहिनी."

"बसत नाही. ताईकडे चाललेय."

"किती दिवस?"

"तिला बरं वाटेपर्यंत." मग म्हटलं, "किंवा मला."

त्यांनी हात पुसले. मी वरच्या मजल्याची चावी टेबलावर ठेवली. म्हटलं, अधूनमधून दार उघडून बघत जा. वकिलीणबाईंना कळलं तर त्या मला वेड्यात काढतील हेही सांगितलं. ज्यांना बाहेर काढायला निघाले होते त्यांच्याच हातात उरलेलं घर देते आहे.

"बरोबरच बोलतील त्या," कवळीवाले म्हणाले. चावीला हात लावला नाही. "मला लेखी लागेल."

"कसलं? चावी दिल्याचं?"

"परत येणार म्हणून. नुसत्या बोलण्याचं काय होतं ते पाहिलं आपण."

मी हसले, ताई. त्यांच्यासमोर, ते टोचणारे दात दिसतील इतकी. ते मात्र गंभीर होते. वही आणि पेन पुढे सरकवलं. मी उभ्या उभ्याच लिहिलं, 'मी माझ्या घरी परत येईन,' खाली सही केली. त्यांनी ते वाचलं, घडी घालून वरच्या खिशात ठेवलं आणि मग चावी उचलली.

वर आल्यावर लक्षात आलं, तारीख घालायची राहिली. जिना उतरून घालून येता आलं असतं. गेले नाही.

चिमी